तक्रार नाही

दात वागियेमचा होता. त्यातल्या भोकाची गरज मात्र बू हार्तिनींच्या मुलीला होती.

खालच्या जबड्यातली डावीकडची मोठी दाढ. तिच्या मधोमध मुगाच्या डाळीएवढा काळा खड्डा पडून दोन वर्षं झाली होती. भाताचं शीत अडकलं तर वागियेम काडीने उकरायची, चहाच्या घोटाने खळखळून थुंकायची, विषय संपला. ठणका नाही, सूज नाही. एकोणपन्नास वर्षांच्या बाईच्या तोंडात एखादा खड्डा असणं म्हणजे अंगणात खड्डा असण्यासारखंच. पाय कुठे टाकायचा नाही ते माहीत असलं की झालं.

बू म्हणजे बाईसाहेब. बू हार्तिनींचा कारखाना जावा बेटावरच्या इमोगिरीच्या टेकड्यांच्या पायथ्याला. कारखाना म्हणायचं, पण यंत्र एकही नाही. पत्र्याची शेड, मातीची जमीन, चार शेगड्या, शेगड्यांवर कढयांत मेण आणि मेणाभोवती बुटक्या स्टुलांवर अकरा बाया. प्रत्येकीसमोर बांबूच्या घोडीवर पांढरं कापड टांगलेलं. हातात तांब्याची चिमुकली लेखणी. तिच्या पोटात वितळलेलं मेण भरायचं, ते चोचीतून कापडावर उतरतं. जिथे मेण लागलं तिथे रंग चढत नाही. बाटिक म्हणतात ते हेच. शहरातल्या दुकानात ते काचेमागे असतं आणि शेजारी मालकिणीचा हसरा फोटो असतो.

वागियेम ठिपके द्यायची. नक्षीच्या रेघा कुणीही शिकेल, ठिपक्यांना जन्म जातो. तळहाताएवढ्या जागेत दोनशे ठिपके, राईहून लहान, सगळे सारखे. अकरा जणींत हे काम तिचं एकटीचं होतं. दाराजवळच्या उजेडातली जागा तिची होती, आणि सगळ्यांत बारीक चोचीची लेखणी तिची स्वतःची होती, आईकडून आलेली.

आता बारीक चोच म्हटली की तुंबणं आलं. मेण जरा निवलं की तुंबली. मग लेखणी ओठांशी न्यायची आणि चोचीवर फुंकर मारायची. मेण बुडव, फू, चार ठिपके, पुन्हा बुडव, फू. दिवसाला हजार फुंकरी सहज. आणि फुंकर मारायची तर आधी श्वास घ्यावा लागतो, तोही तोंडाने आणि झटकन, कारण मेण कुणासाठी थांबत नाही. तो श्वास ध्यानात ठेवा. या बाईचं जे काही झालं ते त्या श्वासावर झालं.

बू हार्तिनींची मुलगी अनिंदिता, घरातली दिता, शहरात दातांची डॉक्टरकी शिकत होती. शेवटचं वर्ष. तिथली रीत अशी, की पोरांना डॉक्टर व्हायचं तर रुग्णही त्यांनीच शोधून आणायचे. हातात यादी दिलेली असते: अशा प्रकारचे भरायचे दात दोन, काढायचे चार, कवळी एक, लहान मूल एक. यादी भरल्याशिवाय शपथविधी नाही. मग ही पोरं नातेवाईक, खानावळीतल्या मावश्या, पार्किंगवाले, सगळ्यांची तोंडं उघडायला लावत फिरतात. गाडीने नेतात, नाश्ता देतात, गोड बोलतात. माणूस आजारी पडून डॉक्टरकडे जातो हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. इथे डॉक्टर अडून माणसाकडे येतो.

एका सोमवारी दिता मोबाईलचा दिवा पेटवून शेडमध्ये आली.

"लिक, आ करा. अजून मोठा. जीभ मागे. नाही हो, हा फारच खोल गेलाय. पुढच्या या."

लिक म्हणजे काकी-मावशी; दिता त्यांची म्बाक, म्हणजे ताई, आणि आपसांत त्या एकमेकींना यू म्हणायच्या, म्हणजे अक्का. शेडमधल्या सगळ्या बाया तिच्या लिक होत्या, त्या दिवशी तर जास्तच. रांग लावून अकरा तोंडं उघडली. गुरांच्या बाजारात बैलाचे दात बघतात, अगदी तसं.

तुमिया सगळ्यांत तोंडाळ. ती म्हणाली, "म्बाक दिता, माझे घ्या की! चारच उरलेत, पण चारही भोकाचे."

"मला फार खोल नको, फार उथळ नको, लिक. आणि दात जिवंत हवा."

"दात बघताय की नवरा?"

शेड हसली. दिताही हसली. मग वागियेमच्या तोंडात दिवा गेला आणि दिता किंचाळलीच.

"हाच! आई, लिक येमच्या दाढेत आहे! अगदी पुस्तकातल्यासारखा!"

बू हार्तिनी हात पुसत आल्या. "येम, शुक्रवारी जाशील ना दिताबरोबर? तुझाही दात फुकटात होईल."

"इंगिह, बू," वागियेम म्हणाली.

इंगिह म्हणजे हो. पण हा शब्द खालून वर जातो. मालकिणीला, डॉक्टरला, सरपंचाला, मास्तरला. समोरचा काय म्हणाला ते नीट कळायच्या आत तो तोंडातून निघून जातो, शिंक यावी तसा. आईच्या कडेवर असल्यापासून शिकवलेला असतो. शहरातली माणसं याला जावानी गोडवा म्हणतात. गोडवा वगैरे काही नाही. वरच्याला नाही म्हटलेलं सहन होत नाही आणि खालच्याला त्याचे परिणाम सहन होत नाहीत, म्हणून निघालेला शब्द आहे तो.

शुक्रवारी सकाळी सहाला गाडी आली. मोठ्या हॉलमध्ये रांगेने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत कुणाची तरी मावशी किंवा वॉचमन, आणि प्रत्येकावर वाकलेलं एक घामाघूम पोर. दिताने इंजेक्शन दिलं, खड्डा कोरला. कोरून झाला की तपासणीच्या डॉक्टरांची सही, धुऊन झाला की सही, खाली लेप दिला की सही. प्रत्येक सहीसाठी दिता वही घेऊन पळायची आणि वागियेम आ करून छताकडे बघत पडायची. तीन तास. लाळ गळ्याखाली उतरून ब्लाउज ओला झाला होता. कुणी पुसली नाही.

शेवटी दिताने दातांत निळा कागद धरला. "चावा लिक. भात खाताना चावतो तसं. काही टोचतंय? उंच वाटतंय?"

अर्धं तोंड बधिर. गाल आहे की दुसऱ्याचा लोड चिकटवलाय तेच कळत नव्हतं. त्यात उंच काय नि सखल काय कळणार? पण बारा वाजत आले होते, दिताच्या कपाळावर केस चिकटले होते, आणि मागे सहीवाले डॉक्टर घड्याळ बघत उभे होते. पोरीने एवढं विचारलंय.

"बरं आहे ना, लिक?"

"इंगिह, म्बाक."

सही झाली.

बधिरपणा उतरला तो संध्याकाळी, जेवताना. टेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, पहिला तुकडा डावीकडे गेला आणि दाढेवर दाढ टेकण्याआधीच भरलेला भाग आदळला. जबड्यातून कानात आणि कानातून डोक्यात सणक गेली. तिने घास उजवीकडे ढकलला. पाणी प्यायली, तर दुसरी सणक. गोड चहा घेतला, तर तिसरी.

"दोन-तीन दिवस तसं होतं," दिता म्हणाली होती. बरोबरच म्हणाली होती, पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. दोन-तीन दिवसांनंतर विचारायचं असतं, हेही पुस्तकात असेल. ते पान तिने वाचलं नसावं.

आठवडा झाला, दोन झाले. वागियेम उजवीकडे चावायला शिकली, पाणी कोमट करून प्यायला शिकली, तोंड मिटून झोपायला शिकली. फुंकरीचं काय करणार? लेखणी ओठांशी नेली, श्वास घेतला, की हवेची थंड सळई दाढेत शिरायची. फू करेपर्यंत डोळ्यांत पाणी. तिने नाकाने श्वास घेऊन बघितला, उशीर व्हायचा, मेण निवायचं. जिभेने दाढ झाकून बघितली, फुंकर वाकडी जायची. तोंडात कापसाचा बोळा धरून बघितला, तर तुमिया ओरडली, "यू येम, पान चघळतेस काय गं? मला पण दे."

"तोंड आलंय," वागियेम म्हणाली.

हातात काम कोणतं होतं? दिताच्या शपथविधीचं कापड. मायलेकी एकाच कापडातून नेसणार होत्या. पंखांची नक्षी आणि पंखांमागची सगळी जमीन ठिपक्यांनी भरलेली. चार महिन्यांचं काम, तीन झाले होते. ठिपके दुसऱ्या कुणाच्या हातचे चालणार नव्हते, कारण दोन हातांचे ठिपके शेजारी आले की आंधळ्यालाही फरक कळतो. ती जागा, तो उजेड, ते काम, हेच वागियेमचं सगळं होतं. नवरा दगडाच्या खाणीत जायचा, घरात कौतुकाचा शब्द वर्षाला एखादा. पण बाहेरून आलेला पाहुणा शेडमध्ये शिरला की बू हार्तिनी त्याला आधी दाराजवळ आणायच्या आणि म्हणायच्या, "हा हात बघा." हात असं म्हणायच्या. बाई असं नाही. तरी वागियेमला ते पुरायचं.

तिसऱ्या आठवड्यात पहिला थेंब पडला. श्वास घेतला, सणक आली, मनगट हललं आणि पंखाच्या टोकाला मसुराएवढा मेणाचा डाग. मेण कापडात शिरलं की तापलेल्या सळईने काढलं तरी खूण उरतेच. वागियेमने इकडेतिकडे बघितलं आणि त्या थेंबाला चार रेघा जोडून फूल करून टाकलं. जोडीला दुसऱ्या पंखालाही तसंच एक फूल दिलं. कुणाला कळलं नाही. तीस वर्षांत तिने कापडावर केलेली ही पहिली लबाडी.

घरी नवरा म्हणाला, "जाऊन सांग की पोरीला. तिनेच केलंय ना?"

"काय सांगू?"

"दुखतंय म्हणून."

"तिने विचारलं तेव्हा मी बरं आहे म्हटलंय."

"मग आता बरं नाही म्हण!"

नवऱ्याला काय, तो दगडांशी बोलतो. दगड फोडताना इंगिह म्हणावं लागत नाही.

महिन्याने पुन्हा गाडी आली. भरलेला दात महिन्याने दाखवावा लागतो आणि रुग्णाची काही तक्रार नाही असं लिहून घ्यावं लागतं, तेव्हा यादीतल्या त्या ओळीवर शेवटची सही होते. वाटेत दिताने नाश्ता दिला. केळीच्या पानात फणसाची भाजी-भात आणि पिशवीत बर्फाचा चहा.

"घ्या ना लिक, थंडगार आहे."

वागियेमने पिशवी हातात धरली. बर्फ वितळेपर्यंत धरून बसली.

"हे शेवटचंच हो, लिक. माझी बाकीची यादी पूर्ण झालीय. आज सही मिळाली की चौदा तारखेच्या शपथेत माझं नाव. नाही मिळाली तर पुन्हा नवा रुग्ण, पुन्हा महिना, म्हणजे थेट पुढच्या तुकडीत. आईने मांडवसुद्धा सांगितलाय." मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "दुखत-बिखत नाही ना? नाहीच दुखणार. मी लेप नीट दिला होता."

हा प्रश्न होता का? प्रश्नाला उत्तरासाठी जागा ठेवावी लागते.

"इंगिह," वागियेम म्हणाली.

तपासणीला डॉक्टर विरात्मो होते. पिकलेले केस, मऊ आवाज. आणि कडू गोष्ट सांगायची तर हीच, की त्या इमारतीत खरंच विचारणारा माणूस तो एकच होता. त्याने खुर्ची सरळ केली, वागियेमला बसतं केलं, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि अदबीच्या जावानीत विचारलं, म्हणजे ज्या भाषेत ती त्याच्याशी बोलायची त्या भाषेत तो तिच्याशी बोलला.

"आता कसं वाटतंय? थंड लागतं? चावताना दुखतं? मोकळेपणी सांगा."

त्याच्या मागे दिता उभी होती. छातीशी वही धरलेली, खालचा ओठ दातांखाली. ही पोर वर्षाची असताना वागियेमने तिला झोळीत घालून ठिपके दिले होते. मेणाच्या धुराने पोर खोकायची म्हणून एका हाताने पंखा, एका हाताने लेखणी.

"काही नाही, डॉक्टर. छान आहे."

"एकदा बघू या हं." डॉक्टरांनी कापसाच्या बोळ्यावर कसला तरी फवारा मारला. बोळ्यावर पांढरं हिव धरलं. तो त्यांनी दाढेला लावला. "थंड लागलं की हात वर करा. आणि कळ राहिली तर हात वरच ठेवा."

कढईतलं मेण मांडीवर सांडलं तरी वागियेम हातातली रेघ पुरी करायची. त्या दिवशी शेडमध्ये तुमियाने बोंब मारली होती आणि वागियेमने आधी लेखणी बाजूला ठेवली होती, मग मांडी बघितली होती. ते सगळं बळ तिने आता तोंडात आणलं. हात वर केला, कारण थंड लागतंच. मनात तीन मोजले आणि हात खाली ठेवला. कळ तोवर डोळ्यामागे जाऊन बसली होती. चेहरा कापडासारखा सपाट. फक्त चपलेत पायाची बोटं मुडपली होती, आणि पायांकडे दातांचे डॉक्टर बघत नाहीत.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "चांगलं काम, अनिंदिता."

कागदावर 'तक्रार: नाही' असं लिहिलं होतं. खाली वागियेमने एकेक अक्षर जोडून आपलं नाव लिहिलं. जिन्यात दिताने तिला मिठी मारली. "लिक, तुम्ही नसता तर!" मग आईला फोन लावला, मग मैत्रिणींना. घरी पोचेपर्यंत फोनच चालला होता.

चार दिवसांनी दुसरा थेंब पडला. हा फूल होण्याच्या मापाचा नव्हता. सणक एवढी आली की लेखणीच उलटी झाली आणि पोटातलं सगळं मेण पंखाच्या मधोमध सांडून ओघळ बनून खाली गेलं. बोटभर लांब.

बू हार्तिनी आल्या. त्या ओरडणाऱ्यांतल्या नाहीत. ओरडत नाहीत याचंच त्यांना कौतुक. त्या कापडाकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "येम, वय झालं का गं?"

तेव्हा वागियेमच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. "दाढ, बू. श्वास घेतला की कळ येते. भरल्यापासून."

शेडमधल्या दहा लेखण्या थांबल्या.

"दिताने भरली ती?"

"इंगिह."

"पण तू तर मोठ्या डॉक्टरांसमोर सांगितलंस, काही तक्रार नाही. सहीसुद्धा केलीस. मला दिताने फोटो पाठवलाय त्या कागदाचा." बू हार्तिनींचा आवाज अजूनही तसाच मऊ. "मग खोटं तिथे बोललीस की इथे बोलतेस?"

तिथे बोलले ते तुमच्यासाठी, असं म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही असेल. वागियेम सांडलेलं मेण नखाने खरवडायला लागली.

"आणि हे बाहेर बोलू नकोस. पोरीचं नाव सुरू व्हायच्या आधीच खराब नको. तुमिया, उद्यापासून तू बस इथे. येम, तू काही दिवस मागे मेण फास. त्याला फुंकर लागत नाही."

मागे म्हणजे शेडच्या आतल्या टोकाला, जिथे नव्या पोरी बसतात. रुंद चोचीच्या लेखणीने मोकळी जागा जाड मेणाने भरून टाकायची, भिंत सारवावी तशी. तुमिया दाराजवळ बसली. मान वर करून वागियेमकडे बघायचं तिने दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "यू, मी मागितलं नव्हतं हं."

"माहीत आहे."

"माझे ठिपके मटारासारखे येतायत."

"लेखणी जास्त आडवी धरतेस," वागियेम म्हणाली आणि मेण फासत राहिली.

दात रात्रंदिवस ठणकायला लागला, गालावर लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा ती पदराने गाल झाकून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण पोरसवदा, तोंडावर मुरमं. "बसा, बू," म्हणाली. वागियेमने मागे वळून बघितलं. तिला बू म्हणणारं कधी कुणी नव्हतं.

पोरीने आरसा घातला, दाढेवर बोट ठेवलं. "भरलंय ते वर आलंय हो. आधी दाढ आपटते ती यावरच. महिनाभर हातोडा बसलाय. पहिल्या आठवड्यात गेला असतात तर घासून खाली आणलं असतं, दोन मिनिटांचं काम. परत का नाही गेलात?"

वागियेमने पदर पुन्हा गालावर ओढला.

"सांगितलं तरी होतं का त्यांना?"

दोन मिनिटं. तीन तास आ करून पडली होती, त्या तीन तासांत ही दोन मिनिटं बसली नव्हती.

"आता आतली नस मेलीय. गोळ्या देते. सूज उतरली की मुळापर्यंत साफ करून दात वाचवता येईल, पण ती सोय इथे नाही. चिठ्ठी देते." तिने शहरातल्या रुग्णालयाचं नाव सांगितलं. तेच. रांगेने खुर्च्या असलेलं.

"काढून टाका," वागियेम म्हणाली.

"बू, दात वाचतोय."

"काढा."

हा शब्द एवढा सरळ आला की डॉक्टरणीने पुन्हा विचारलं नाही. आठवड्याने दाढ निघाली, वरचं भरलेलं पांढरं अजून चकचकीत होतं. काम पक्कं केलं होतं पोरीने, त्यात वाद नाही.

चौदा तारखेला मांडव पडला. कापड नेसलं गेलं. ओघळ आला तो भाग आणि तुमियाच्या हातचा तुकडा बू हार्तिनींनी स्वतःच्या निऱ्यांत आत घेतला. शेडमधल्या बाया तांदूळ निवडायला, भांडी घासायला गेल्या, वागियेमही गेली. डॉक्टर दिता पाहुण्यांना सांगत होती, "हे ठिपके आमच्याकडच्या हातचे."

तीन महिने गेले. हिरडी भरून आली. वागियेमने पाणी पिऊन बघितलं, तोंड उघडून वाऱ्यात उभी राहिली. काही नाही. तिने आईची लेखणी पुसली आणि बू हार्तिनींना विचारलं, "आता मी पुढे बसू?"

"बघू या," बू म्हणाल्या. बघू या म्हणजे काय ते शेडमध्ये सगळ्यांना कळतं.

त्याच आठवड्यात दिता एका मैत्रिणीला घेऊन शेडमध्ये आली. मैत्रीण एक वर्ष मागे. हातात यादी.

"लिक येम, आ करा ना जरा." दिवा पेटला. दिताने आत बघितलं आणि थबकली. "अय्या, ही काढली? कुणी काढली? मला का नाही सांगितलंत?"

वागियेमने तोंड मिटलं.

"असं करायचं नसतं, लिक. मी लगेच बघितलं असतं." मग मैत्रिणीकडे वळून, "पण तुझं काम झालं बघ! एका दाताची जागा, दोन्हीकडचे शेजारी शाबूत. कवळीसाठी अगदी पुस्तकातल्यासारखी."

बू हार्तिनी मागे उभ्या होत्याच. "जा की येम. चार-पाच फेऱ्या होतील फार तर. आणि ते झालं ना, की बस परत दाराजवळ. तुमियाला काही जमत नाहीये."

तुमियाने मान खाली घातली. सगळी शेड वागियेमच्या तोंडाकडे बघत होती, उघडं होतं तेव्हाही आणि मिटल्यावरही. दाराजवळ ऊन आलं होतं. घोडीवर नवं कापड टांगलेलं, ठिपक्यांची जमीन अजून कोरी.

"शुक्रवारी सहाला गाडी येईल, लिक. चालेल ना?"

"इंगिह, म्बाक," वागियेम म्हणाली. आवाज नेहमीचा, मान नेहमीइतकीच झुकलेली.

संध्याकाळी निघताना तिने आईची लेखणी फडक्यात गुंडाळली आणि कमरेला खोचली. तुमियाने ते बघितलं.

शुक्रवारी सहाला गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. थोड्या वेळाने तुमिया धापा टाकत आली. तिला बूंनी धाडलं होतं. वागियेम मागच्या पडवीत बुटक्या स्टुलावर बसली होती. समोर जुन्या बांबूवर हातभर कापड, नातीला बांधायच्या झोळीचं. शेगडीवर वाटीभर मेण.

"यू, गाडी आलीय. दोघी खोळंबल्यात."

"येते म्हणावं."

तुमियाने वाटीकडे बघितलं, लेखणीकडे बघितलं. "खरंच येतेस?"

"इंगिह म्हणाली म्हणून सांग."

तुमियाला हसू फुटलं, मग ते अर्ध्यातच गेलं. "यू, ती जागा मग कायमची जाईल. मला माहीत आहे, बू पुन्हा नाही बसवणार. मागेसुद्धा नाही."

"तू लेखणी जरा उभी धर," वागियेम म्हणाली. "येतील तुझेही."

तुमिया गेली. निरोप पोचला असावा, कारण हॉर्न थांबला. 'इंगिह' म्हटलंय म्हणजे येणारच, या भरवशावर गाडी तशीच उभी राहिली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. इंजिन चालूच होतं. मग एकदा लांबलचक हॉर्न, गिअरचा आवाज, आणि गाडी निघून गेली.

वागियेमने लेखणी मेणात बुडवली, ओठांशी नेली आणि तोंड उघडून सकाळची गार हवा भरभरून आत घेतली. मोकळ्या जागेवरून ती गेली. तिथे दुखायला काही नव्हतं. फू करून तिने पहिला ठिपका दिला, मग दुसरा. हात अजून तोच होता. तो बघायला मात्र पडवीत कुणी नव्हतं.